चाकातली फुलं आणि कलम एकवीस

"काय करता जी तुम्ही?" असं कोणी विचारलं की मी सांगायचो, "मालकांना शिकवतो." समोरचा आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या सायकलीकडे बघायचा आणि म्हणायचा, "मालकाले काय शिकवाचं राह्यते? थो तं मालक हाय!"

नेमकं तेच शिकवायचं असायचं. कारखाना तुमचा, यंत्र तुमचं, पण त्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचे हातपाय त्याचे स्वतःचे आहेत आणि संध्याकाळी ते त्याच्याबरोबर घरी गेले पाहिजेत, एवढंच. कारखानदारांच्या एका संघटनेत मी सुरक्षा प्रशिक्षक होतो. पदाचं नाव भारदस्त होतं, खुर्ची डुगडुगती होती. सरकारी तपासनीस यायच्या आधी मालकांना कायदा समजावून सांगायचा, त्यांच्या गिरण्या पाहायच्या, काय बसवायचं आणि काय हलवायचं ते सांगायचं, आणि हे सगळं त्यांना राग येऊ न देता करायचं, कारण माझा पगार त्यांच्याच वर्गणीतून निघायचा.

या नोकरीतली एक गोष्ट आमच्या घरी दर दसऱ्याला होते. सोनं वाटून झालं, पाहुण्यांचा चहा झाला, की मुली म्हणतात, "बाबा, चाकाची सांगा." मी सांगतो. उभं राहून सांगतो, कारण बसून सांगायची ती गोष्टच नाही. यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या बायकोला, सुमनला झाला. "लिहूनच टाका एकदाचं," ती म्हणाली. "पाहुणे आले का अंक देऊन देईन हाती. मले पुन्हा ऐकावं तं लागणार नाही."

तर लिहितो.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्यात अपघात म्हणजे स्फोट, आग, धडाम्. तसं क्वचित होतं. खरी धोक्याची जागा फार गरीब दिसते. एक चामड्याचा पट्टा मोटरीकडून येतो आणि चाकावर चढतो. जिथे तो चाकाला भेटतो तिथे एक तोंड तयार होतं. ते तोंड धोतराचा सोगा खातं, साडीचा पदर खातं, मोकळा केस खातं, आणि जे धरलं ते सोडत नाही, कारण त्याला काही कळतच नाही. म्हणून कारखाने कायद्यात एकविसावं कलम आहे. त्याचा अर्थ इतकाच की, यंत्राचा जो भाग फिरतो आणि माणसाला धरू शकतो त्याला मजबूत कुंपण घाला, आणि यंत्र चालू असेपर्यंत ते कुंपण हलवू नका. आमच्याकडे या कुंपणाला सगळे जाळी म्हणायचे.

मी या नोकरीत आलो त्याचंही कारण असंच एक तोंड होतं. त्याआधी मी कन्हानकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावतात. रामाजी फिटर चालत्या पट्ट्याला राळ लावत होता, रोज लावायचा तशीच. मी पलीकडे उभा होतो. त्याची बाही गेली, मग हात गेला. त्या वेळी माझ्या तोंडून फक्त "अरे, अरे" एवढंच निघालं. कोणी काय ओरडायचं, कोणी कुठे धावायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रामाजी वाचला. डाव्या हाताने पान लावायला शिकला आणि मला नेहमी लावून द्यायचा. ते पान गिळणं मला कधीच सोपं गेलं नाही.

असो. मालकांकडे येतो.

आमचा वर्ग दर रविवारी सकाळी नागपूरच्या धंतोलीतल्या एका सभागृहात भरायचा. तर्री-पोहे आणि चहा संघटनेकडून. माझ्या व्याख्यानाला गर्दी व्हायची असं मी घरी सांगायचो. एका रविवारी आचारी आला नाही, आणि गर्दी कशाला व्हायची ते मला कळलं.

पण माणसं मोठी गमतीची होती. एका आरागिरणीच्या मालकाने माझं ऐकून झकास जाळी करून घेतली, तिला निळा रंग दिला आणि ऑफिसात भिंतीवर टांगली. "चाकावर लावली तं खराब होईन जी," म्हणाला, "साहेब येतीन तेव्हा लावतो." दुसऱ्याकडे प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत सुपारी, कात, चुना आणि अडकित्ता. मी म्हटलं, "कोणाला लागलं तर?" तो पेटीकडे बघून म्हणाला, "अडकित्ता सांभाळून वापरतो जी आम्ही." तिसऱ्याच्या आगीच्या बादल्यांमधल्या वाळूत उदबत्त्या खोवलेल्या होत्या. मी काही म्हणणार तेवढ्यात तोच म्हणाला, "आगीचाच बंदोबस्त आहे, साहेब. दुसऱ्या पद्धतीनं."

आणि होते दौलतराव.

दौलतरावांची लकडगंजच्या बाजूला डाळगिरणी होती. उंच, रुंद, पांढरी टोपी, आवाज असा की साधं "नमस्कार" म्हटलं तरी पोहेवाला दचकायचा. ते दर रविवारी वेळेआधी यायचे, दुसऱ्या ओळीत पंख्याखालची खुर्ची धरायचे, दोन बश्या पोहे खायचे आणि मी "आदरणीय कारखानदार बंधूंनो" म्हणायच्या आत झोपी जायचे. साधीसुधी झोप नव्हती ती. तिच्यात पीठगिरणीसारखी लय होती. मी तिच्यावर माझं बोलणं बसवून घेतलं होतं.

माझी एक सवय होती. महत्त्वाचं कलम आलं की हातातलं डस्टर टेबलावर आपटायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "कलम एकवीस!" मास्तरकीचा आव, दुसरं काय. डस्टर आपटलं की दौलतराव डोळे न उघडता खणखणीत आवाजात म्हणायचे, "हाव!" आणि पुन्हा घोरायला लागायचे. पहिल्या खेपेला सगळे हसले. पुढे पुढे ते व्याख्यानाचाच भाग झालं. मी "कलम एकवीस!" म्हणायचो, दौलतराव "हाव!" म्हणायचे आणि वर्ग पुढे सरकायचा.

घरी मी सुमनला म्हटलं, "झोपतात गं लोक."

"तुम्ही इथं मले सांगता तेव्हा मलेही झोप येतेच ना," ती म्हणाली. "पोट्टे काहून झोपत नाही मारबतीच्या दिवशी? पाहाले काही राह्यते म्हून."

मी उडालोच! पोळा नुकताच झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आणि बडगे निघतात. कागदा-बांबूचे हे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यामागे सारं शहर आरडत-ओरडत जातं. मी टिमकीतल्या विणकराच्या घरचा, लहानपणापासून त्या गर्दीत वाढलेला. आणि मी मालकांना कायद्याची कलमं वाचून दाखवत होतो!

आम्ही रात्रीतून एक बाई बनवली. पोटात भाताचं तणस, डोकं मडक्याचं, अंगावर सुमनची जुनी आंब्याच्या रंगाची साडी. रविवारी मी सभागृहात एक लहान मोटर, एक पट्टा आणि एक चाक मांडलं आणि बाईला शेजारी उभं केलं. एक शब्दही बोललो नाही. मोटर चालू केली आणि पंख्याच्या वाऱ्याने पदर हलेल अशी बाई थोडी पुढे सरकवली.

पदर हलला. तोंडाने पदर धरला. पुढचं सांगायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात तणसाची ती बाई अर्धी चाकावर होती आणि मडकं फुटून पहिल्या ओळीपर्यंत आलं होतं.

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा!" आणि एकाने चक्क "वन्स मोअर" दिला. पण मी दुसऱ्या ओळीकडे बघत होतो. पंख्याखालच्या खुर्चीत दौलतराव टक्क जागे होते. टोपी हातात घेतली होती आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. तो आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"साहेब, आमच्या इथं माय असंच करते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्राची पूजा होते, हे सगळीकडे आहे. यंत्र धुवायचं, जाळ्या-बिळ्या काढून ठेवायच्या, हळदकुंकू, झेंडूचा हार. दौलतरावांच्या गिरणीची वहिवाट त्याच्या पुढची होती. तिथे छातीएवढं मोठं चाक होतं, ज्यावरून सगळी गिरणी चालायची. त्या चाकाच्या आऱ्यांना झेंडूचे हार गुंडाळायचे आणि आरती सुरू झाली की चाक चालू करायचं. चाक फिरलं की हार तुटायचे आणि पाकळ्या चहूकडे उडायच्या. घरच्या आणि कामावरच्या बाया चाकासमोर पदर पसरून उभ्या राहायच्या. ज्या पदरात जास्त पाकळ्या, त्या घरात वर्षभर बरकत. आणि सगळ्यात पुढे, चाकाला अगदी लागून, दौलतरावांची आई.

"तिला सांगा ना," मी म्हटलं.

"मी मालक हाय गिरणीचा," दौलतराव म्हणाले. "मायचा नाही. तुम्ही चाला."

माझी छाती फुगली. मालक मला बोलवतो आहे! दुसऱ्याच दिवशी गेलो.

त्यांच्या आईला सगळी गिरणी माय म्हणायची. लहानशी, वाळकी, कोरडी बाई. डाळीच्या ढिगाजवळ बसून सुपाने पाखडत होती. गरज नव्हती, पण हाताला सवय होती. नवऱ्याबरोबर जात्यावर डाळ भरडून तिने धंदा सुरू केला होता आणि ते चाक दोघांनी मिळून घेतलं होतं. मी अर्धा तास कायदा सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि सूप खाली ठेवलं.

"काय गा साहेब, तुह्या घरी देवाले पिंजऱ्यात ठेवते का?"

मी म्हटलं, "नाही माय, पण..."

"मंग माह्या चाकाले काहून कोंडू? माह्या चार लेकराइले याच चाकानं पोसलं."

मी माझं हुकमी पान काढलं. म्हटलं, "माय, मी विणकराच्या घरचा. आमच्याकडे खंडेनवमीला माग बंद ठेवतात. हार घालतात आणि त्याला आराम देतात."

"तुमचा माग माणसानं चालते. माणूस थकते, मागाले आराम पायजे," माय म्हणाली. "चाक कारंटावर चालते. थे थांबलं तं अपशकुन."

दौलतरावांनी मला कोपराने ढोसलं आणि बाहेर नेऊन समजावलं. एका खंडेनवमीला आरतीच्या मध्येच वीज गेली होती आणि चाक थांबलं होतं. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. तेव्हापासून मायचा दंडक होता की, एकदा आरतीला चाक चाललं की आरती संपेपर्यंत थांबता कामा नये. त्या दिवशी स्विचजवळ स्वतः दौलतराव उभे राहायचे, कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून.

मी परत आत गेलो. "माय, चाक थांबणार नाही. पाकळ्याही उडतील, पदरातही पडतील. फक्त मध्ये जाळी राहील. चालेल?"

मायने सूप पुन्हा उचललं. "उडतीन?"

"उडतील."

"नाही उडाल्या तं?"

"तर जाळी मी माझ्या हाताने काढीन."

हे मी का बोललो, देव जाणे. उत्साहात माणूस काय वाटेल ते कबूल करतो. पण काय दिवस होते ते! ज्या कायद्याचं नाव काढलं की लोक जांभया द्यायचे, त्याच्यासाठी मी वेल्डरच्या दुकानात पाकळ्या घेऊन बसायचो. जाळीचं भोक असं पाहिजे की बोट जाऊ नये पण पाकळी यावी. कायद्याच्या कोणत्याच पुस्तकात हे माप नाही. आम्ही या जाळीचा तुकडा पाहा, त्या जाळीचा पाहा, वेल्डर हसतो आहे, दौलतराव मुठी भरभरून झेंडू आणत आहेत. दौलतराव त्या दिवसांत दुपारचेसुद्धा झोपले नाहीत. शेवटी एक जाळी सापडली. चाकाला चहूबाजूंनी ती बसवली. हार आत घालण्यासाठी वरच्या अंगाला एक लहान झडप ठेवली. मायला कळू न देता आम्ही दोघांनी फुलं घालून चाक चालवून पाहिलं.

काय सांगू! जाळीच्या सगळ्या अंगांनी पाकळ्या कारंजासारख्या उडाल्या. दौलतरावांनी मला उचललं आणि खाली ठेवायचं विसरले.

खंडेनवमीच्या सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून सुमनला आणि मुलींना घेऊन गेलो. गिरणी धुऊन लख्ख केलेली, दारावर आंब्याची तोरणं, मोटरीला कुंकवाची बोटं. जाळीलासुद्धा कोणीतरी हळद लावली होती, ते पाहून मला भरून आलं. कामावरच्या बाया नवी लुगडी नेसून पदर पसरून रांगेत. सुमनही जाऊन उभी राहिली, म्हणाली, "बरकत काही वाईट नसते." मुलींना मी दूर दाराजवळ बसवलं. आणि मायने आरतीची थाळी माझ्या हातात दिली! "तुह्याच जाळीची आरती हाय, तूच धर."

दौलतराव स्विचजवळ गेले. घंटा वाजली. आरती सुरू झाली. दौलतरावांनी स्विच वर केला, मोटर घुमली, पट्टा सळसळला, चाक फिरलं.

एकही पाकळी उडाली नाही.

मी आरती म्हणता म्हणता जाळीत डोकावलो. आत हारांचा एक ओला गोळा आऱ्यांना चिकटून गरगरत होता. झालं असं होतं की, मायने सकाळी सगळे हार गंगाजल घातलेल्या पाण्यात बुडवून काढले होते. देवाला घालायचं फूल धुवायचंच असतं. आम्ही चाचणी कोरड्या फुलांवर घेतली होती. पाकळीचं माप आम्ही घेतलं, पण फूल धुतलं जाईल ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही.

रांगेत कुजबुज झाली. पसरलेले पदर एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या तोंडाने आरती चालूच होती.

आणि माय पुढे झाली. वाद नाही, राग नाही. घरातल्या चुलीवर दूध उतू जायला लागलं की बाई जशी पुढे होते तशी. तिने झडप उघडली आणि फुलं मोकळी करायला हात आत घातला.

तिचा पदर खांद्यावरून सुटून झडपेवर लोंबला. वाऱ्याने हलला.

मला ती तणसाची बाई दिसली. मला रामाजी दिसला. माझ्या दोन्ही हातांत जळती थाळी होती. मायचं नाव घेऊन ओरडावं, "मागे हो" म्हणावं, काहीतरी शहाण्यासारखं म्हणावं. माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी थाळी खांबावर आपटली आणि जीव खाऊन ओरडलो:

"कलम एकवीस!"

"हाव!"

आणि खट्कन स्विच खाली आला.

दौलतराव झोपेतही ज्याला "हाव" म्हणायचे, त्याला ते जागेपणी चुकणार कसे? पण चाक जड होतं, लगेच थांबेना. पदर आत ओढला गेला होता आणि मायही त्याच्याबरोबर ओढली जात होती. दौलतरावांनी एका झेपेत तिला कमरेला धरलं आणि उचलून मागे खेचलं. लुगडं टर्रकन फाटलं. पदराचा तुकडा चाकाबरोबर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि चाक करकरत थांबलं.

माय दौलतरावांच्या हातांत होती. हात, बोटं, बांगड्या, सगळं जागच्या जागी.

 जमिनीवर पडलेल्या निरांजनाचं तेल चरचरत होतं. आरती अर्धी राहिली होती आणि चाक थांबलं होतं. कामावरचे लोक मायकडे बघत होते आणि मी दाराकडे बघत होतो.

मायने लेकाला सोडायला लावलं. फाटलेला पदर कमरेला खोचला. चाकापाशी गेली, आऱ्यांत अडकलेला आपल्या लुगड्याचा तुकडा जाळीतून पाहिला. 

"दौलत, चाक तू बंद केलं?"

"हाव, माय."

"आरती व्हायच्या आंधी?"

"हाव." दौलतरावांनी टोपी काढून हातात घेतली. "चुकलं, माय."

"कोण म्हणते चुकलं?" माय म्हणाली. "तुह्या बापाच्या वेळेस थे आपल्या मनानं थांबलं होतं. आज माह्या लेकानं माह्यासाठी थांबवलं. थे अलग, हे अलग." मग ती माझ्याकडे वळली. "आन् तू काय वरडला गा साहेब? कोणत्या देवाचं नाव घेतलं?"

सुमन रांगेतून पदर तसाच पसरलेला धरून माझ्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत तिच्या नजरेत मला एवढा मान कधी दिसला नव्हता. मी सांगितलं, "देवाचं नाही, माय. कायद्याचं."

"असो बाप्पा. कामी आलं ना." तिने थांबलेल्या चाकातून स्वतःच्या हाताने ओला गोळा काढला, तोरणासाठी ठेवलेली कोरडी फुलं मागवली, आत घातली आणि झडप लावली. "चालव, दौलत. आरती पहिल्यापासून म्हणा."

चाक फिरलं. पाकळ्या उडाल्या! बायांच्या पदरांत, माझ्या डोक्यावर, दाराजवळ बसलेल्या माझ्या मुलींच्या अंगावर. कोणीतरी रडत होतं आणि कोणीतरी हसत होतं, आणि ते दोन्ही दौलतरावच होते. सुमनच्या पदरात सगळ्यात जास्त पाकळ्या पडल्या, असं ती अजून सांगते. बरकत कुठे आली ते विचारलं की माझ्या सायकलीकडे बघते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही ती झडप कायमची बंद केली. तिच्या जागी वरून उभा नळा बसवला, हाताला चाक लागू नये एवढा लांब. त्यातून फुलं पडतात, हात पोहोचत नाही. ते पाहून आजूबाजूच्या गिरण्यांनीही तसे नळे करून घेतले. एकदा तपासनीस साहेबांनी मला विचारलं, "या भागातल्या सगळ्या जाळ्यांवर हे काय आहे?" मी म्हटलं, "फुलं टाकायला." त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, जाळी हलवून पाहिली. ती हलली नाही. "ठीक आहे," म्हणाले, "पुढे चला."

पुढे कितीतरी वर्ग घेतले, कितीतरी कलमं शिकवली. खेद एवढाच की त्यातलं कोणाच्या लक्षात काय राहिलं ते मला माहीत नाही. आणि दुसरा खेद रामाजीचा. त्या दिवशी त्याच्यासाठी ओरडायला कोणाजवळ दोन शब्द नव्हते.

गेल्या खंडेनवमीला दौलतरावांकडचं बोलावणं आलं, तसं दरवर्षी येतंच. माय आता नाही. स्विचजवळ दौलतरावांचा मुलगा उभा असतो आणि थाळी घरातल्या नव्या सुनेच्या हातात असते. मायने त्याच दिवशी वहिवाट बदलली होती, आणि ती तशीच चालू आहे. आरती सुरू होते, चाक फिरतं. मग थाळी खांबावर आपटतात आणि सगळी गिरणी एका आवाजात ओरडते. चाक थांबतं. सगळे ते पूर्ण थांबलेलं बघतात. मगच नळ्यातून फुलं टाकतात, चाक पुन्हा चालू होतं आणि आरती पहिल्यापासून होते.

मी सुनेला हळूच विचारलं, "कलम एकवीस म्हणजे काय गं?"

"माहीत नाही जी," ती म्हणाली. "आमच्या आजेसासूनं लावून देलं. पण हे म्हटल्यावर चाक थांबते. आन् चाक थांबल्याबिगर आमच्या इथं कोणी जाळीले हात लावत नाही."

मी अनेक रविवार, भरल्या पोटांसमोर, ज्या एका वाक्यासाठी घसा फोडला होता, ते तिने एवढ्यात सांगून टाकलं.

मी बाजूला पाहिलं. गिरणीत पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत दौलतराव इथेही दुसऱ्या ओळीत, पंख्याखालच्या खुर्चीत होते. केस पांढरे झालेले, टोपी मांडीवर, झोप तीच. सुनेने थाळी खांबावर आपटली.

"कलम एकवीस!" सगळी गिरणी ओरडली.

"हाव!" दौलतराव डोळे न उघडता म्हणाले.